सुरतेच्या शाळेतले दादोबा

मराठी मुलाला सुरत प्रथम भेटते ती इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात. १६६४ आणि १६७० या दोन साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, ही हकीकत ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. पण या शहराशी मराठी माणसाचा आणखी एक संबंध आहे, आणि तो क्रमिक पुस्तकात सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात मुंबईचा एक तरुण अध्यापक येथील सरकारी इंग्रजी शाळेत नोकरीनिमित्त आला, जेमतेम चार-पाच वर्षे राहिला आणि बदलीच्या हुकमानुसार परत गेला. त्याचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी वाचक त्यांना व्याकरणकार म्हणून ओळखतो. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हे पुस्तक इतके गाजले, की मराठी भाषेचे पाणिनी ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. या पदवीमुळे त्यांच्यातला शिक्षक मात्र झाकला गेला. वस्तुतः व्याकरण हे त्यांच्या शिक्षकपणाचेच एक फळ होते. दुसरे फळ सुरतेत पिकले.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे, म्हणून आडनाव तर्खडकर. वडिलांचे नाव पांडुरंग, आईचे यशोदा. या दोन्ही नावांना पुढे दादोबांनी एका ग्रंथाच्या नावात चिरंतन केले, त्याचा उल्लेख यथाक्रम येईल. घर विलक्षण बुद्धिमान भावंडांचे. धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बाँबे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात कंपनी सरकारच्या कारभारावर जी कठोर पत्रे लिहिली, ती आजही अभ्यासक आवर्जून वाचतात. दुसरे बंधू आत्माराम पांडुरंग हे मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक आणि १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. एकाच छपराखाली अशी तीन माणसे वाढली, तेव्हा त्या घरात प्रश्न विचारणे हा अपराध मानला जात नसावा, एवढा तर्क करण्यास हरकत नाही.

शाळेतली स्थिती याच्या अगदी उलट होती. दादोबांच्या बालपणी मुंबईत काय किंवा घाटावर काय, मुलाचे शिक्षण पंतोजीच्या शाळेत सुरू होई. धुळपाटीवर बोट फिरवीत मुळाक्षरे गिरवायची, मग बाराखड्या, जोडाक्षरे, पुढे बोरू हाती घेऊन मोडीचे वळण बसवायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही सारी कोष्टके एका सुरात घोकायची. छडी, अंगठे धरणे, घोडी देणे हे शिक्षांचे ठरलेले प्रकार. या पद्धतीत सामान्य मुलगा कसाबसा तरून जाई. हिशेबनीस किंवा कारकून होण्यास लागणारी तयारी त्याला मिळे, आणि त्या दृष्टीने ही पद्धत टाकाऊ होती असेही म्हणता येत नाही. खरी पंचाईत होई ती तैलबुद्धीच्या मुलाची. त्याची संथा इतरांच्या आधी पाठ होई आणि मग त्याच्या बुद्धीला काही कामच उरत नसे. अक्षर असेच का काढायचे, हा शब्द असाच का चालतो, असे विचारावे तर पंतोजीपाशी त्याला उत्तर नसे. जे त्यालाच कोणी कधी सांगितले नव्हते ते तो बिचारा कोठून सांगणार?

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत निघालेल्या मुंबईच्या शाळामंडळीने या स्थितीत पालट घडवून आणला. छापील पुस्तके आली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीति’ ही पुस्तके १८२८ साली मुलांच्या हाती पडली आणि वाचन ही घोकण्याहून निराळी गोष्ट आहे, हे मराठी मुलांना प्रथमच उमगले. या शाळांत पुढच्या इयत्तेतील हुशार मुलांनी मागच्यांना शिकवावे अशी पद्धत होती. तिचा मूळ हेतू काटकसरीचा. एका पगारात शंभर मुले सांभाळता यावीत म्हणून ती विलायतेत निघाली. तथापि तिचा एक अकल्पित लाभ झाला. चपळ बुद्धीच्या मुलाला आपण शिकलेली गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगावी लागे, आणि समजावताना तिच्यातली अडचण त्याच्या ध्यानात येई. या नव्या शाळांतच दादोबांची घडण झाली आणि अध्यापन हाच त्यांचा व्यवसाय झाला.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी भाषेचे व्याकरण शिकावे लागे. लिंडले मरे याचे पुस्तक त्या काळी सर्वत्र चाले. परक्या भाषेचे नियम असे सुसंगत मांडलेले पाहिल्यावर आपल्या भाषेलाही काही नियम असतील की नाही, हा प्रश्न बुद्धिमान विद्यार्थ्याच्या मनात उठणे अपरिहार्य होते. कॅरे, स्टीव्हन्सन प्रभृती साहेबांनी मराठीची व्याकरणे लिहिली होती. पण ती इंग्रजीत, साहेबांनी मराठी शिकावी म्हणून. मराठी मुलाने आपलीच भाषा जाणून घ्यावी यासाठी मराठीत लिहिलेले, शाळेत सहज चालेल असे पुस्तक हवे होते. दादोबांनी ते लिहिले आणि १८३६ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, प्रसिद्ध केले. योगायोग असा, की त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘बालव्याकरण’ आणि गंगाधरशास्त्री फडके यांचेही व्याकरण बाहेर पडले. यावरून ती गरज किती जणांना एकाच वेळी जाणवत होती हे दिसते. त्यांत टिकले दादोबांचे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद इत्यादी शब्दांच्या आठ जाती आज शाळेतला प्रत्येक मराठी मुलगा म्हणतो, त्या इतक्या खोल रुजल्या त्याचे श्रेय मुख्यत्वे याच पुस्तकाला द्यावे लागते. चौकट इंग्रजी व्याकरणाची, संज्ञा बव्हंशी संस्कृत, आणि उदाहरणे रोजच्या बोलण्यातली, असे त्याचे स्वरूप होते. या मिश्रणावर पंडितांनी पुढे बरेच आक्षेप घेतले. परंतु ज्या मुलाला आपण रोज बोलतो त्या वाक्याकडे प्रथमच थांबून पाहायला सांगितले जात होते, त्याच्या दृष्टीने ही मोठीच नवलाई होती.

मधल्या काळात माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून दादोबांनी काही काळ काढला, मुंबईस परतून एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापन केले आणि नंतर सुरतेची वाट धरली.

त्या वेळची सुरत पडत्या काळातली होती. मोगल अमलात मक्केला जाणारी गलबते जेथून सुटत त्या बंदराचा व्यापार मुंबईने ओढून नेला होता. १७५९ साली किल्ला आणि १८०० साली साराच कारभार इंग्रजांकडे गेला होता. त्यातच १८३७ च्या उन्हाळ्यात भयंकर आग लागून हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. शहरातील पुष्कळ धनिक, विशेषतः पारशी, मुंबईला निघून गेले. जे राहिले त्यांच्यापाशी जुन्या वैभवाचा अभिमान होता आणि जातिपंचायतींचा धाकही होता. अशा शहरात १८४२ साली सरकारी इंग्रजी शाळा निघाली. हेन्री ग्रीन हे इंग्रज गृहस्थ तिचे मुख्याध्यापक होते. गुजराती त्यांनी मनापासून आत्मसात केले होते आणि पुढे त्या भाषेतील वाक्प्रचारांचा एक संग्रहही सिद्ध केला. या शाळेत दादोबा अध्यापक झाले.

दादोबांना सुरतेत एक जोडीदार भेटला. दुर्गाराम मंछाराम मेहता, सुरतेच्या बोलण्यात दुर्गाराम मेहताजी, हे गुजराती शाळेचे शिक्षक होते. ‘मेहताजी’ म्हणजे आपल्याकडचा पंतोजी. पण हा मेहताजी वेगळ्याच मुशीतला होता. १८०९ साली सुरतेच्या नागर ब्राह्मण कुळात जन्मलेले दुर्गाराम मुंबईला जाऊन नव्या पद्धतीने शिकवण्याचे शिक्षण घेऊन आले होते. मुलांच्या हाती पुस्तके नाहीत ही अडचण ओळखून १८४२ साली त्यांनी पुस्तक प्रसारक मंडळी स्थापन केली आणि शिळाप्रेस मिळवून सुरतेत छपाई सुरू केली. ग्रंथालयाच्या वाचकांना हे विशेष वाटेल, की सुरतेतील सुधारणेच्या चळवळीची पहिली पायरी ही अशी पुस्तक प्रसाराची होती. दुर्गाराम बोलण्यात तिखट, स्वभावाने धाडसी. दादोबा शांत, मोजके बोलणारे, प्रत्येक गोष्ट लक्षणे देऊन सिद्ध करू पाहणारे. वर्गाबाहेर या दोघांची मैत्री जमली, आणि दिनमणिशंकर, दलपतराम मास्तर, दामोदरदास हे तिघे त्यांना येऊन मिळाले. पाचही नावांचा आरंभ ‘द’ अक्षराने, म्हणून गुजरातेत ‘पाच दद्दा’ म्हणून ही मंडळी आजही ओळखली जाते.

१८४३ साली दादोबांनी ‘धर्मविवेचन’ हा निबंध लिहिला. त्यात सात तत्त्वे सांगितली आहेत. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राचा धर्म एक आहे आणि मनुष्याची जातही एकच आहे, या तत्त्वांची चर्चा अभ्यासकांनी भरपूर केली आहे. शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची तत्त्वे मात्र निराळी आहेत, आणि त्यांच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रत्येक व्यक्तीला विचार करण्याचे स्वातंत्र्य आहे, नित्याचे आचरण विवेकाला धरून असावे, आणि सर्वांना ज्ञान मिळाले पाहिजे, ही ती तत्त्वे. धर्मावरच्या निबंधात ही तीन कलमे एका शाळामास्तराच्या लेखणीतूनच उतरू शकतात. वर्गात बसलेला मुलगा ब्राह्मणाचा असो, वाण्याचा असो की पारशाचा, गणिताचे उत्तर सर्वांचे एकच येते आणि शंका कोणालाही येऊ शकते, हा दादोबांचा रोजचा अनुभव होता. त्याच अनुभवाला त्यांनी येथे धर्माच्या भाषेत मांडले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

२२ जून १८४४ रोजी या मंडळींनी सुरतेत मानवधर्मसभा स्थापन केली. पश्चिम भारतातील धर्मसुधारणेच्या इतिहासात या सभेचे स्थान पहिल्या काहींत आहे. प्रार्थना समाज निघण्यास अजून तेवीस वर्षे अवकाश होता. सभा रविवारी भरे. एखादा विषय मांडला जाई, श्रोत्यांनी शंका विचाराव्यात आणि वक्त्याने कारणे देऊन उत्तरे द्यावीत असा तिचा रिवाज होता. मूर्तिपूजा, जातिभेद, विधवांची दुःस्थिती, भूतपिशाचे आणि मंत्रतंत्र हे विषय. मंत्राने चमत्कार करून दाखवतो म्हणणाऱ्यांना सभेने जाहीर आव्हान दिले. भूत उतरवणाऱ्याने आपली विद्या दहा माणसांसमोर सिद्ध करावी, ही मागणी त्या काळच्या सुरतेत केवढी खळबळ उडवणारी होती याची आज कल्पना करणे कठीण आहे.

सभेच्या श्रोत्यांत शाळेतली मुलेही असत. ती का येत? वर्गात अभ्यासक्रम ठरलेला, परीक्षा ठरलेली, वरून येणारा तपासनीस ठरलेला. तेथे दादोबा कितीही चांगले शिक्षक असले तरी भूगोलाच्या तासाला भूताखेतांची चर्चा करता येत नव्हती. रविवारच्या सभेत मात्र मास्तर स्वतःच शंका विचारीत, दुसऱ्या मास्तरांचे म्हणणे खोडून काढीत, आणि मुलाला दिसे की मोठी माणसेसुद्धा एखाद्या गोष्टीचा निर्णय अजून करीत आहेत. बुद्धिमान मुलाला यासारखे दुसरे खाद्य नाही. पंतोजीच्या शाळेत जी उत्तरे पाठ करवली जात ती तयार उत्तरे होती. येथे उत्तर तयार होताना पाहता येत होते. दादोबा आणि दुर्गाराम यांनी या पद्धतीला काही नाव दिले नाही किंवा तिच्यावर ग्रंथ लिहिला नाही. मुलांनी ती डोळ्यांनी पाहिली, एवढेच.

या मुलांपैकी एकाची साक्ष उपलब्ध आहे. महीपतराम रूपराम नीलकंठ यांचा जन्म १८२९ चा, सुरतेचाच. सभा स्थापन झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. दुर्गारामांच्या शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले आणि सभेतील वादविवादांचा संस्कार त्यांच्या मनावर कोवळ्या वयात झाला. पुढे त्यांनीच १८७९ साली दुर्गारामांचे चरित्र लिहिले. दुर्गारामांनी सभेच्या कामकाजाची आणि आपल्या मनोव्यापारांची जी रोजनिशी ठेवली होती तिचा उपयोग त्यांनी या चरित्रात केला, म्हणून ती वाचकांपर्यंत पोहोचली. गुजराती भाषेतील आत्मचरित्रपर लेखनाचा आरंभ गुजराती समीक्षक या रोजनिशीपासून धरतात. मास्तरांनी सभा चालवली, नोंदी ठेवल्या, आणि विद्यार्थ्याने पस्तीस वर्षांनी त्या नोंदी जगापुढे आणल्या.

तथापि येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि दादोबांच्या चरित्रात तो टाळून पुढे जाता येत नाही. मुलाच्या बुद्धीला मोकळे सोडल्यावर ती जेथे जाईल तेथे शिक्षकाने तिच्याबरोबर जावे काय? सुरतेच्या पेठेत जातिबहिष्कार ही पोकळ धमकी नव्हती. पंक्तीतून उठवणे, सोयरिकी तुटणे, मृतदेहाला खांदा न मिळणे, अशी त्याची झळ साऱ्या कुटुंबाला लागे. दुर्गाराम बोलून मोकळे होत आणि त्याचे परिणाम सोसत. दादोबांचा मार्ग सावधपणाचा होता. लोकांच्या मनाची तयारी होईपर्यंत उघड बंड करू नये, असे त्यांचे मत होते. ज्या ‘धर्मविवेचना’त विचारस्वातंत्र्याचे कलम होते, तो निबंध त्यांनी तब्बल पंचवीस वर्षे छापला नाही. १८६८ साली तो छापला तेव्हाही स्वतःच्या नावाने नव्हे, तर ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने.

या सावधपणाला भित्रेपणा म्हणणारे तेव्हाही होते आणि नंतरही झाले. तो आरोप सर्वस्वी खोटा ठरवता येत नाही. मात्र ज्याच्या हाती दुसऱ्यांची मुले आहेत त्या माणसाची जबाबदारी वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याहून वेगळी असते, हेही विसरता कामा नये. १८३९ साली मुंबईत दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा शेकडो पालकांनी मिशनच्या शाळेतून मुले काढून घेतली होती. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या लहान मुलाला स्वधर्मात परत घेण्यावरून महाराष्ट्रभर रणे माजली आणि बाळशास्त्रींसारख्या माणसालाही त्याचा मनस्वी ताप झाला. मास्तराच्या एका पावलाने शाळा ओस पडू शकत होती आणि मग त्या मुलांच्या वाट्याला पुन्हा संथाच येणार होती. दादोबांनी शाळा वाचवली आणि विचार आतल्या आवाजात चालू ठेवला. त्याची किंमत त्यांच्या कीर्तीला द्यावी लागली, कारण इतिहास मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांचीच नोंद आधी घेतो.

१८४६ साली मुंबईहून बोलावणे आले. त्याच वर्षी मे महिन्यात बाळशास्त्री जांभेकर ऐन चौतिशीच्या उंबरठ्यावर वारले. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलची धुरा त्यांच्याकडे होती, ती आता दादोबांकडे आली. मराठी शाळांच्या देखरेखीचे कामही त्यांच्याकडे सोपवण्यात आले. सुरतेच्या वर्गात त्यांच्या समोर मुले होती, येथे मुलांना शिकवणारे तरुण होते. गावोगावच्या शाळांत जो तरुण पंतोजीची जागा घेणार, त्याला स्वतःलाच जर प्रश्न पडत नसतील तर मुलाच्या प्रश्नाला तो काय उत्तर देणार, ही अडचण दादोबांना आपल्या बालपणापासून ठाऊक होती.

दोनच वर्षांनी, १८४८ साली, एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्यात अग्रभागी होते. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे पहिले अध्यक्षपद दादोबांना मिळाले. येथे विद्यार्थ्यांनी आपल्या भाषेत निबंध लिहून वाचायचे आणि त्यावर चर्चा करायची, असा क्रम होता. सुरतेच्या रविवारच्या सभेत जे घडत होते ते आता मुंबईत, धर्माचा वादग्रस्त विषय वगळून, राजरोस घडू लागले. त्यातूनच १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले, आणि रसायन, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांवर मराठीत लिहिण्याचा सराव एका पिढीला झाला. याच सोसायटीच्या तरुणांनी १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी आपला वेळ खर्चून त्या स्वतः चालवल्या. पाठ केलेले म्हणून दाखवणारी मुले असली कामे अंगावर घेत नाहीत.

वादग्रस्त विषय मात्र संपला नव्हता. १८४९ साली परमहंससभा निघाली. तिची प्रेरणा दादोबांची, अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर, सभासद बहुतांशी इंग्रजी शिकलेले तरुण. जातिभेद न मानणे ही सभेत प्रवेश मिळवण्याची अट होती आणि ती कृतीने सिद्ध करावी लागे. ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खाणे ही ती कृती. सर्व कामकाज गुप्त होते. पुरेसे सभासद झाल्यावर एकदमच प्रकट व्हावे, म्हणजे बहिष्कार घालणाऱ्यांचेच हात थकतील, असा हिशेब होता. तो हिशेब चुकला. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस जाऊन बाहेर फुटली आणि सभा पाण्यात मीठ विरघळावे तशी विरून गेली. मात्र तिच्यातली पुष्कळ मंडळी सात वर्षांनी आत्माराम पांडुरंगांच्या प्रार्थना समाजात उघडपणे एकत्र आली. विद्यार्थिदशेत परमहंससभेत गेलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी सर्वांत विख्यात नाव.

दादोबांच्या सरकारी नोकरीच्या उत्तरार्धाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १८५२ साली ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तेथील भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त केल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. शाळेने एक उत्तम शिक्षक गमावला आणि सरकारला एक कार्यक्षम अधिकारी मिळाला. त्या काळी देशी विद्वानाला शाळाखात्यापेक्षा महसूल खात्यात पगार आणि मान दोन्ही अधिक होते.

लेखणी मात्र सुटली नाही. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी १८६५ साली विस्तृत टीका प्रसिद्ध केली आणि तिला आईवडिलांच्या नावांवरून ‘यशोदा पांडुरंगी’ असे नाव दिले. पंतांची आर्या-पृथ्वी मराठी मुलाला पाठ असे, पण अर्थाच्या वाटेला तो जात नसे. शब्द फोडून, अन्वय लावून, अलंकार दाखवून केलेल्या या विवरणामुळे पाठांतराच्या पोटात शिरण्याची सोय झाली. स्वीडनबोर्ग या स्वीडिश तत्त्वचिंतकाच्या ग्रंथांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८७८ साली निघाले. व्याकरणाचे काम तर त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. १८५० साली मोठ्या व्याकरणाची सुधारलेली आवृत्ती, १८६५ साली मुलांसाठी ‘लघु व्याकरण’. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या व्याकरणाची कठोर चिकित्सा केली, आणि तीही शाळामास्तरांसाठी निघणाऱ्या ‘शालापत्रका’तून. आपले पुस्तक साऱ्या शाळांत चालत असता त्याच शाळांच्या मासिकात त्याचे दोष निघावेत, हा प्रसंग कोणत्याही ग्रंथकाराला सुखाचा नाही. दादोबा दुरुस्त्या करीत राहिले. १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या व्याकरणाची ‘पूरणिका’ प्रसिद्ध केली. १९११ साली मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले, तेव्हा त्यांनाही पदोपदी दादोबांशी वाद घालत पुढे जावे लागले.

सुरतेत दादोबा गेल्यानंतर मानवधर्मसभेचा जोर ओसरला. १८५२ साली दुर्गारामांची बदली राजकोटला झाली आणि सभा बंद पडल्यासारखीच झाली. तेवढ्यावरून ती निष्फळ ठरली असे म्हणणे घाईचे होईल. १८५० साली सुरतेत अँड्र्यूज ग्रंथालय निघाले, ते आजही शहराच्या अभिमानाचा विषय आहे. १८५८ साली सुरतेच्या इंग्रजी शाळेला नंदशंकर तुळजाशंकर मेहता हे पहिले देशी मुख्याध्यापक मिळाले. ते याच शाळेचे विद्यार्थी, आणि १८६६ साली गुजरातीतील पहिली कादंबरी ‘करण घेलो’ लिहिणारे. १८३३ साली सुरतेत जन्मलेला कवी नर्मद हा दादोबांचा विद्यार्थी नव्हे. पण दुर्गारामांच्या शाळेत तो काही काळ शिकला, आणि एकट्याच्या हिमतीवर गुजराती भाषेचा ‘नर्मकोश’ रचण्याची त्याची जिद्द पाहिली, की त्या शाळांतून वाहणाऱ्या वाऱ्याची आठवण होते.

आणि महीपतराम? १८६० साली सरकारने शिक्षणपद्धती पाहण्यासाठी विलायतेला पाठवण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी तो स्वीकारला. नागर ब्राह्मणाने समुद्र ओलांडायचा म्हणजे काय घडणार, हे त्यांना सुरतेच्या रस्त्यांनी लहानपणीच शिकवले होते. परत आल्यावर जातीने त्यांना वाळीत टाकले आणि तो जाच त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने दीर्घकाळ सोसला. त्यांनी मुलांना शिकवण्याचे काम सोडले नाही. अहमदाबादच्या प्रेमचंद रायचंद ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख म्हणून गुजरातच्या शिक्षकांची एक पिढी त्यांनी घडवली. मुंबईला नॉर्मल स्कूलमध्ये दादोबांनी जे केले होते तेच काम. जे पाऊल दादोबांनी स्वतः कधी उघडपणे टाकले नव्हते, ते मात्र रविवारच्या सभेत बसणाऱ्या या मुलाने टाकले होते.

दादोबांचे निधन १७ ऑक्टोबर १८८२ रोजी मुंबईत झाले. त्यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले होते, पण ते अपुरे राहिले. त्यातली हकीकत त्यांच्या तिशीच्या फारशी पुढे जात नाही. सुरतेचे दिवस संपतात त्याच सुमारास ती थांबते, आणि कलेक्टरकचेरीतला रावबहादूर तीत येतच नाही. हे हस्तलिखित अनंत काकबा प्रियोळकर यांनी परिश्रमपूर्वक संपादून, उरलेल्या आयुष्याच्या चरित्राची जोड देऊन, १९४७ साली प्रसिद्ध केले. सुरतेतील त्या दोन मास्तरांची कथा ज्यांना मुळातून वाचायची आहे, त्यांनी प्रियोळकरांचा हा मराठी ग्रंथ आणि महीपतरामांचे गुजराती दुर्गारामचरित्र ही दोन्ही पुस्तके जवळ घेऊन बसावे. एकाच सभेची आठवण दोन भाषांत वाचायला मिळते.